सेल्युलर मॉड्यूल नेटवर्कवर चालू करताना: नागपूर परिसरातल्या कामासाठी सविस्तर मार्गदर्शक

मॉड्यूलला (उपकरणाला सिमवरून मोबाइल नेटवर्कशी जोडणाऱ्या भागाला) नेटवर्क न मिळण्याची किमान आठ-दहा वेगवेगळी कारणं असतात आणि बाहेरून ती सगळी सारखीच दिसतात. दिवा लुकलुकत राहतो आणि सर्व्हरवर काहीच येत नाही. मग सिम बदला, अँटेना बदला, फर्मवेअर पुन्हा टाका अशी धावपळ सुरू होते. खरं तर नेटवर्क नकार देताना कारणाचा आकडाही पाठवतं. तो आकडा वाचण्याआधी कशालाही हात लावू नये, हे या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं पथ्य आहे.

हा लेख काटोल-नरखेडच्या संत्रा बागांतले पंप कंट्रोलर, हिंगणा आणि बुटीबोरी एमआयडीसीतलं जनरेटर मॉनिटरिंग, महामार्गावरच्या गाड्यांचे ट्रॅकर अशा कामांसाठी पन्नास ते काही हजार मॉड्यूल बसवणाऱ्यांसाठी आहे. एटी कमांड (मॉड्यूलला द्यायच्या आज्ञा) इथे अक्षरांच्या उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांत टाकायच्या.

मॉड्यूल मागवण्याआधी

नागपूर ‘महाराष्ट्र व गोवा’ या सर्कलमध्ये (मोबाइल परवान्याच्या विभागात) येतं. मुंबईचं सर्कल वेगळं आहे, त्यामुळे मुंबईत चाललेला नमुना इथेही तसाच चालेल असं गृहीत धरू नका. जिओकडे २जी आणि ३जी नाहीच, फक्त ४जी आणि ५जी आहे. एअरटेलने ३जी बंद केलं, २जी ठेवलं. म्हणजे ‘४जी नाही मिळालं तर ३जीवर चालेल’ या भरवशावर मॉड्यूल निवडण्यात अर्थ उरलेला नाही. निव्वळ २जीचं जुनं मॉड्यूल जिओवर कधीच चालणार नाही आणि नव्या डिझाइनमध्ये ते घेऊच नये. छोट्या डेटासाठी आज कॅट-१ किंवा कॅट-१ बिस (४जीचे कमी वेगाचे प्रकार) हा सरळ पर्याय आहे.

बँड (फ्रिक्वेन्सीचे पट्टे) मात्र डेटाशीटमधून स्वतः तपासा. एअरटेल आणि जिओचं ४जी मुख्यतः बँड ३ (१८०० मेगाहर्ट्झ) आणि बँड ४० (२३०० टीडीडी) वर आहे. जिओचा बँड ५ (८५०) आणि एअरटेल व व्हीआय यांचा बँड ८ (९००) दूरवर आणि भिंतीआड पोचतात. बीएसएनएलचं ४जी बँड २८ (७००) वरही आहे. एकाच नावाच्या मॉड्यूलच्या प्रदेशानुसार वेगवेगळ्या आवृत्त्या असतात. उदाहरणार्थ, क्वेक्टेल ईसी२५ च्या ‘ई’ आवृत्तीत १, ३, ५, ७, ८, २०, ३८, ४० आणि ४१ हे बँड आहेत, तर ‘ए’ आवृत्तीत फक्त २, ४ आणि १२. स्वस्तात मिळालेला ‘ए’चा लॉट इथे कुठलंच ४जी पकडणार नाही आणि ते कोणत्याही सेटिंगने दुरुस्त होत नाही. ‘ई’मध्येही बँड २८ नाही, हे बीएसएनएल वापरणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

आयएमईआय (प्रत्येक मॉड्यूलचा ओळख क्रमांक) १५ आकडी असतो: पहिले ८ आकडे मॉडेलचे, पुढचे ६ अनुक्रमांकाचे आणि शेवटचा तपासणीचा. लॉट आल्यावर सगळे आयएमईआय वाचून यादीत एकही दुहेरी नाही ना, शून्यांचा नाही ना, हे बघा. नमुन्याचे चार-पाच आयएमईआय ‘केवायएम’, एक स्पेस, आणि मग आयएमईआय असा एसएमएस १४४२२ वर पाठवून तपासता येतात. दुहेरी निघाले तर माल परत करा. काही मॉड्यूलमध्ये आयएमईआय नव्याने लिहिण्याची कमांड असते आणि बाजारात ती सर्रास सांगितली जाते. ती वापरू नका. दूरसंचार कायदा २०२३ नुसार ओळख क्रमांकात फेरफार हा तीन वर्षांपर्यंत कैद, ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकणारा गुन्हा आहे.

टीईसीच्या (दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राच्या) सक्तीच्या प्रमाणन योजनेत ट्रॅकर, आयओटी गेटवे, स्मार्ट मीटर असे प्रकार येतात, म्हणून पुरवठादाराकडून तुमच्याच मॉडेल क्रमांकाचं प्रमाणपत्र मागून घ्या. प्रवासी वाहनांच्या ट्रॅकरला एआयएस-१४० हे मानक लागू आहे आणि त्यात बोर्डावर बसवलेलं ई-सिम लागतं. खाचेत घालायच्या सिमवर तो प्रकल्प सुरूच करू नका.

सिम आणि कागदपत्रं

फोनचं प्रीपेड सिम घालून चाचणी होते, पण बसवणूक त्यावर करू नये. रिचार्ज चुकला की सिम बंद पडतं, मालकी कुणाच्या तरी वैयक्तिक आधारवर राहते आणि शंभर सिमचा हिशेब एका जागी दिसत नाही. उपकरणांसाठी एम२एम (यंत्र-ते-यंत्र) सिमच घ्या. असं सिम वापरून सेवा विकणाऱ्याला दूरसंचार विभागाच्या फेब्रुवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ‘सरल संचार’ पोर्टलवर एम२एम सेवा पुरवठादार म्हणून नोंदणी करावी लागते. कोणतं सिम कोणत्या उपकरणात, कोणत्या ग्राहकाकडे, कुठल्या पत्त्यावर आहे याची नोंद ठेवण्याची जबाबदारीही त्याच्यावर असते. बागायतदाराने जागा बदलली की ती नोंदही बदलायची.

ऑर्डर देताना ऑपरेटरच्या माणसाकडून पुढच्या गोष्टी लेखी घ्या, कारण सगळी अडवणूक पुढे इथूनच होते. एपीएनचं (सिमचा डेटा कोणत्या मार्गाने बाहेर जाणार ते ठरवणाऱ्या सेटिंगचं) नेमकं नाव. वापरकर्तानाव-पासवर्ड लागतो का, आणि लागत असेल तर पॅप की चॅप (पासवर्ड तपासण्याच्या दोन पद्धती). आयपी स्थिर की बदलता. आयपीव्ही४, आयपीव्ही६ की दोन्ही. डेटा कोणत्या पत्त्यांपुरता खुला असेल. एसएमएस कोणत्या नंबरांवरून येऊ-जाऊ शकतील. सिम एका आयएमईआयला बांधलेलं असेल का. आणि दुसऱ्या सर्कलमध्ये रोमिंग चालू आहे का. ‘एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम’ किंवा ‘जिओनेट’ ही फोनच्या सिमची एपीएन नावं आहेत. एम२एम सिमवर कंपनीसाठी दिलेलं वेगळं नाव असतं आणि इंटरनेटवर सापडलेलं नाव तिथे चालत नाही.

एम२एम सिमचा नंबर १३ आकडी असतो. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये मोबाइल नंबरचा रकाना १० आकडी ठेवला असेल तर तो आधी बदला, नाहीतर शेवटचे तीन आकडे गुपचूप कापले जातात.

आधी तक्ता, मग सोल्डरिंग

प्रत्येक नगामागे एक ओळ: आयएमईआय, आयसीसीआयडी (सिम कार्डाचा क्रमांक), आयएमएसआय (नेटवर्क ज्यावरून सिमचं खातं ओळखतं तो क्रमांक), १३ आकडी नंबर, एपीएन, मॉड्यूलच्या फर्मवेअरची आवृत्ती, बसवण्याची जागा. आयसीसीआयडी १९ किंवा २० आकडी असतो आणि भारतीय सिमचा ८९९१ ने सुरू होतो. एक्सेल १५ आकड्यांपुढचं काही अचूक ठेवत नाही, पुढचे आकडे शून्य करून टाकतं. म्हणून रकाना आधी ‘टेक्स्ट’ करा आणि मगच यादी चिकटवा. ही चूक झाली की ऑपरेटरकडे भलत्याच सिमची चालू करण्याची विनंती जाते आणि दोन आठवडे कुणालाच कळत नाही. काही मॉड्यूल शेवटी ‘एफ’ अक्षर जोडून दाखवतात, ते काढून टाका.

सिमवर छापलेला आकडा हाताने टाइप करण्यापेक्षा मॉड्यूलकडूनच वाचा: एटी+सीजीएसएन आयएमईआय देतं, एटी+सीआयएमआय आयएमएसआय देतं, आणि आयसीसीआयडीसाठी बहुतेक मॉड्यूलवर एटी+सीसीआयडी किंवा त्याचा कंपनीनिहाय प्रकार असतो. सिम आयएमईआयला बांधायचं ठरलं असेल तर ही जोडी-यादी ऑपरेटरला पाठवा, पोर्टलवर ती चढल्याची खात्री करा आणि त्यानंतरच सिम ‘अ‍ॅक्टिव्ह’ करा. दुरुस्तीत मॉड्यूल बदललं की जोडीही बदलते. जागेवर गेलेल्या तंत्रज्ञाला हे सांगून ठेवा, नाहीतर नवं कोरं मॉड्यूल लावूनही नकारच येईल.

बेंचवरची पहिली जोडणी

वीजपुरवठ्यापासून सुरुवात करा. बहुतेक मॉड्यूलना ३.३ ते ४.३ व्होल्ट लागतात, साधारण ३.८ ठेवावेत. २जीवर प्रसारणाच्या क्षणी प्रवाह २ अँपिअरपर्यंत उसळतो. यूएसबीवरून आलेला किंवा पातळ ब्रेडबोर्डच्या तारांतून दिलेला पुरवठा तिथे कोसळतो आणि मॉड्यूल नेमकं नोंदणीच्या वेळी रीसेट होतं. लोक त्याला ‘नेटवर्क येऊन जातं’ म्हणतात. मॉड्यूलच्या पायाजवळ कमी ईएसआरचा (आतला विरोध कमी असलेला) १०० मायक्रोफॅरड कपॅसिटर आणि सोबत छोटे सिरॅमिक लावा.

मग क्रमाने:

१. एटी+सीएमईई=२ द्या, म्हणजे चूक आकड्याऐवजी शब्दांत दिसेल.

२. एटी+सीपीआयएन? ला ‘रेडी’ आलं पाहिजे. ‘सिम नाही’ आलं तर सिम उलटं आहे किंवा खाचेचा डिटेक्ट पाय चुकीच्या बाजूला ओढला आहे. नेटवर्कचा यात काही संबंध नाही.

३. एटी+सीएफयूएन=४ ने रेडिओ बंद करा.

४. एटी+सीजीडीसीओएनटी=१,"आयपीव्ही४व्ही६","तुमचं एपीएन" टाका. ऑपरेटरने फक्त आयपीव्ही४ म्हटलं असेल तर "आयपी" लिहा.

५. पासवर्ड असेल तर एटी+सीजीएयूटीएच ने द्या.

६. एटी+सीएफयूएन=१ करून दोन-तीन मिनिटं थांबा. पहिल्यांदा सगळे बँड धुंडाळायला वेळ लागतो.

तिसरी पायरी गाळू नका. ४जीमध्ये नोंदणी होतानाच पहिला डेटामार्ग तयार होतो आणि तो पहिल्या संदर्भातलं (चौथ्या पायरीतल्या ‘१’ चं) एपीएन वापरतो. नोंदणी झाल्यावर एपीएन बदललं तर जुनाच मार्ग चालू राहतो आणि ‘एपीएन बरोबर आहे तरी चालत नाही’ अशी तक्रार येते. प्रत्यक्षात कोणतं एपीएन मिळालं हे एटी+सीजीसीओएनटीआरडीपी सांगतं. एपीएन रिकामं ठेवलं तर नेटवर्क खात्यातलं ठरलेलं एपीएन देतं, त्यामुळे बेंचवर कधीकधी रिकाम्या एपीएनवरही काम होऊन जातं. पण त्यावर विसंबू नका.

आता एटी+सीईआरईजी? बघा. १ म्हणजे घरच्या नेटवर्कवर, ५ म्हणजे रोमिंगवर, दोन्ही ठीक. २ म्हणजे शोध चालू आहे, आणि ३ म्हणजे नेटवर्कने नाकारलं. या २ आणि ३ मधला फरक पक्का लक्षात ठेवा. २ वर अडकलं तर दोष बहुधा रेडिओच्या बाजूला आहे: अँटेना, बँड, टॉवर. ३ आलं म्हणजे रेडिओ उत्तम चालतोय, टॉवरशी बोलणंही झालं, अडचण सिमच्या खात्यात आहे. तिथे अँटेना बदलण्यात दिवस घालवू नका.

नकाराचे आकडे

एटी+सीईआरईजी=३ केलं की मॉड्यूल नकाराचं कारणही देतं. जुन्या फर्मवेअरवर ते मिळालं नाही तर एटी+सीईईआर विचारा. हे आकडे जगभर सारखे आहेत.

२: या आयएमएसआयची नोंदच नाही. सिम अजून चालू केलेलं नाही, किंवा यादीत आकडा चुकला.

३ आणि ६: अनुक्रमे सिम किंवा उपकरण बेकायदा ठरवलेलं. ५: आयएमईआय स्वीकारला नाही. या तिन्हींत आधी आयएमईआयची जोडी आणि त्याची अस्सलता तपासा.

७: खात्यावर ४जी डेटाच नाही. प्लॅन चुकीचा जोडला गेला आहे.

११: हे नेटवर्क या सिमला बंद. १३: या भागात रोमिंग बंद. १५: या भागात योग्य सेल नाही.

२७: एपीएन चुकीचं किंवा अनोळखी. २९: वापरकर्तानाव-पासवर्ड चुकला. ३३: ही सेवा खात्यावर घेतलेली नाही. ५०: फक्त आयपीव्ही४ चालेल. ५१: फक्त आयपीव्ही६.

ऑपरेटरला मेल लिहिताना ‘नेटवर्क येत नाही’ असं लिहू नका. आयसीसीआयडी, आयएमईआय, वेळ, टॉवरचा सेल आयडी आणि हा आकडा लिहा. पहिल्या प्रकारच्या तक्रारीला ‘फोन बंद-चालू करून बघा’ असं उत्तर येतं. दुसऱ्या प्रकारची तक्रार थेट ते खातं हाताळणाऱ्या माणसापर्यंत जाते.

११ चं एक दुखणं वेगळं सांगायला हवं. तो मिळाला की मॉड्यूल ते नेटवर्क सिममधल्याच ‘मनाई’ यादीत लिहून ठेवतं. सिम चालू होण्याआधीच बेंचवर घातलं, नकार आला, दुसऱ्या दिवशी ऑपरेटरने सिम चालू केलं, तरी मॉड्यूल आपण होऊन तिकडे फिरकत नाही. ही यादी सिममध्ये असल्यामुळे मॉड्यूल बदलूनही फरक पडत नाही. ती पुसायला एटी+सीआरएसएम=२१४,२८५३९,०,०,१२,"एफएफ…" द्या. अवतरणात ‘एफ’ हे अक्षर २४ वेळा. मग वीज पूर्ण बंद करून चालू करा. म्हणूनच ‘अ‍ॅक्टिव्ह’ न झालेलं सिम उपकरणात घालून ठेवू नये.

जोडणी झाली, पण डेटा जात नाही

एटी+सीजीपीएडीडीआर ला आयपी मिळाला, तरी गुगलच्या ८.८.८.८ ला पिंग जात नाही, म्हणून लोक सिम खराब ठरवतात. एम२एम सिमवर डेटा आधी कळवलेल्या पत्त्यांपुरताच खुला असतो. त्यामुळे त्या पिंगचं अपयश अपेक्षितच आहे. चाचणी स्वतःच्या सर्व्हरवरच करा.

हीच बंदिस्ती पुढे तीन ठिकाणी आडवी येते. पहिली डीएनएस (नावावरून आयपी शोधणारी सेवा): फर्मवेअरमध्ये बाहेरचा डीएनएस पक्का लिहिला असेल तर नावाचा पत्ताच सापडत नाही, म्हणून नेटवर्कने दिलेला डीएनएस वापरा. दुसरी वेळ: एनटीपी (वेळ देणारा) सर्व्हर यादीत नसेल तर घड्याळ जुन्या तारखेवर राहतं आणि टीएलएस (सुरक्षित जोडणीचं) प्रमाणपत्र ‘अजून लागू नाही’ म्हणून जोडणी तुटते. एटी+सीटीझेडयू=१ देऊन नेटवर्ककडून वेळ घ्या आणि एटी+सीसीएलके? ने बघा. शेवटी +२२ दिसेल, कारण तिथे पाव तास मोजतात आणि साडेपाच तास म्हणजे २२ पाव. तिसरी आणि सगळ्यात महागडी, फर्मवेअर अपडेटचा सर्व्हर. तो वेगळ्या पत्त्यावर असेल आणि यादीत नसेल, तर शेकडो नग बसवून झाल्यावर कळतं की त्यांना दुरून दुरुस्त करता येत नाही. क्लाउडवरचा लोड बॅलन्सर आयपी बदलत असेल तर स्थिर आयपी घेऊन तोच यादीत द्या.

प्लॅनचा हिशेब आधीच करा. दर ५ मिनिटांनी २०० बाइट म्हणजे दिवसाला २८८ संदेश. प्रत्येक वेळी नवी टीएलएस जोडणी केली तर दर वेळी सुमारे ५ केबी जातात, म्हणजे महिन्याला ४० एमबीच्या पुढे. एकच एमक्यूटीटी (छोट्या संदेशांसाठीचा प्रोटोकॉल) जोडणी धरून ठेवली तर तेच काम ५ एमबीच्या आसपास होतं. मात्र निवांत पडलेली जोडणी नेटवर्क काही वेळाने तोडतं. जिवंत ठेवण्याचा संदेश २४० सेकंदांवर ठेवून सुरुवात करा आणि आपल्या एपीएनवर मोजून तो वाढवा.

जागेवर

सिग्नलसाठी एटी+सीएसक्यू चा आकडा ढोबळ आहे. शक्य तिथे आरएसआरपी (४जी सिग्नलची ताकद) वाचा. उणे १०० डीबीएम पर्यंत चांगलं, उणे ११० वर काम चालतं, उणे ११८ च्या पलीकडे पावसाळ्यात आणि झाडांना पालवी आल्यावर तुटणार हे धरून चला. पत्र्याच्या पॅनलमध्ये अँटेना ठेवू नका. बाहेर काढताना आरजी-१७४ ची ५ मीटर केबल लावली तर २३०० मेगाहर्ट्झवर ८-९ डेसिबल केबलच खाते. जाड केबल घ्या किंवा लांबी १-२ मीटरवर आणा. दोन सॉकेट असतील तर अँटेना ‘मेन’लाच लागली आहे ना, हेही बघा.

इथल्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि उन्हातल्या बंद डब्यात तो आणखी बराच चढतो. प्लास्टिकचं सिम वाकतं, खाचेचा संपर्क सुटतो आणि दुपारी ‘सिम नाही’ येऊन रात्री सगळं सुरळीत होतं. तारखांऐवजी तासानुसार आलेख काढला की हे लगेच दिसतं. उघड्यावरच्या कामाला औद्योगिक दर्जाचं, बोर्डावर सोल्डर होणारं एमएफएफ२ सिम घ्या. त्याचा पल्ला साधारण उणे ४० ते १०५ अंशांचा असतो.

शेतीपंपांना वीज पाळीने मिळते. फीडर चालू झाला की त्यावरचे सगळे कंट्रोलर एकाच क्षणी जागे होऊन एकाच टॉवरवर तुटून पडतात. फर्मवेअरमध्ये सुरुवातीलाच ० ते १२० सेकंदांचा यादृच्छिक थांबा टाका आणि तो आयएमईआयवरून काढा, म्हणजे दोन नग सहसा एकाच वेळी उठणार नाहीत. पुन्हा प्रयत्न करण्याचं वेळापत्रकही हवं. सलग पाच नोंदणी-प्रयत्न फसले की मॉड्यूल प्रमाणानुसार साधारण १२ मिनिटं थांबतं. ‘अडकलं’ समजून दर दोन मिनिटांनी रीसेट करणारा वॉचडॉग ही मोजणी पुन्हा शून्यावर आणतो आणि नेटवर्कला धडका देत राहतो. काही ऑपरेटर अशा सिमना तात्पुरतं बाजूला काढतात. १, २, ५, १५, ६० मिनिटं असा वाढता थांबा ठेवा आणि पूर्ण रीसेट शेवटी.

सीमेजवळची जागा असेल तर आणखी एक तपासणी. एअरटेलचा महाराष्ट्राचा नेटवर्क कोड ४०४९० आहे, मध्य प्रदेशाचा ४०४९३. महामार्ग ४४ वर देवलापार सोडून खवासाकडे जाणारा ट्रक मध्येच सर्कल बदलतो, आणि नरखेडच्या बागेतला न हलणारा कंट्रोलरही पांढुर्ण्याकडच्या टॉवरवर जाऊन बसू शकतो. शिवाय एम२एम सिम दुसऱ्याच सर्कलमध्ये नोंदलेलं असेल तर ते नागपुरातही कायम ५ दाखवेल. फर्मवेअर फक्त १ ला ‘जोडलेलं’ मानत असेल तर चालू नेटवर्क असूनही उपकरण वाट बघत बसतं. १ आणि ५ दोन्ही स्वीकारा, मॉड्यूलमधलं रोमिंग बंद करणारं सेटिंग उघडा, आणि ऑपरेटर कोड हाताने पक्का करू नका; एटी+सीओपीएस=० (आपोआप निवड) ठेवा. पेंचच्या जंगलपट्ट्यात नेटवर्क तुटेल हे धरून ट्रॅकरमध्ये किमान दोन तासांच्या नोंदी साठवता येतील एवढी जागा राखा.

सगळा लॉट एकदम बसवू नका. आधी पाच नग, त्यातला निदान एक सर्वांत वाईट सिग्नलच्या जागी आणि एक सीमेलगत. ते आठवडाभर चालवून त्यांच्यावर एकदा दुरून फर्मवेअर अपडेट पूर्ण करून बघा. तो यशस्वी झाल्याशिवाय सहावा नग गाडीत चढवू नये.